एल्डन रिंग संपल्यावरची चुटपुट

एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम पूर्ण केलेल्या कुणालाही ‘कसा वाटला?’ विचारून बघा. आधी ‘जबरदस्त’ येतं, मग थोडा वेळ जातो आणि ‘पण शेवटी शेवटी...’ असं काहीतरी सुरू होतं. हा ‘पण’ नेमका कुठून येतो, ते इथे मांडायचं आहे. गेम आवडला की नाही, हा प्रश्न नाही. न आवडता कुणी मॅलेनियासारख्या वाटेबाहेरच्या अवघड शत्रूपर्यंत पोचत नाही. माझं म्हणणं इतकंच की या गेममधली सगळ्यात मोठी मजा आणि सगळ्यात मोठी कटकट एकाच निर्णयातून आली आहे: खेळाडूला कधीही, कुठेही जाऊ द्यायचं. त्यामुळे एकीचं कौतुक आणि दुसरीची तक्रार असे दोन वेगळे ढीग करता येत नाहीत. पुढे शेवटापर्यंतचं सगळं उघड केलं आहे, तेव्हा खेळ अर्ध्यावर असेल तर इथेच थांबलेलं बरं.

फ्रॉमसॉफ्टवेअरचा हा गेम २५ फेब्रुवारी २०२२ रोजी आला. दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचं, जगाचा पूर्वेतिहास जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लिहिलेला. कंपनीच्या आधीच्या गेममध्ये बहुतेक वेळा बॉस, म्हणजे वाट अडवणारा मोठा शत्रू, अडला की खेळाडूही अडायचा. इथे उघड्यावर पाऊल टाकताच सोनेरी चिलखतातला ट्री सेंटिनल घोड्यावरून गस्त घालताना दिसतो, आणि त्याला वळसा घालून पुढे जायचं हा पहिला धडा एकही शब्द न बोलता मिळतो. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारात मार्गिट हा बॉस नाकी नऊ आणतो. पण किल्ल्याच्या बाजूने कड्याला चिकटून जाणारी एक वाट आहे. ती धरली तर मार्गिट आणि किल्ल्याचा मालक गॉड्रिक दोघांनाही न भेटता थेट लिउर्निया या पुढच्या प्रदेशात उतरता येतं. आल्टस पठारावर नेणाऱ्या डेक्टस लिफ्टसाठी पदकाचे दोन तुकडे लागतात, एक लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातल्या फोर्ट हाइटमध्ये आणि दुसरा केलिडच्या फोर्ट फॅरॉथमध्ये. ते शोधायचा कंटाळा असेल तर लिउर्नियाच्या उत्तर टोकाला कड्याच्या पोटातून शिड्या आणि लिफ्टने चढत जायचं, मॅग्मा वर्म मकारला मारायचं, की त्याच पठारावर बाहेर पडतो.

ही मोकळीक फक्त नकाशाची नाही, अंदाज चुकण्याचीही आहे. लिमग्रेव्हच्या तळ्याकाठच्या जळक्या अवशेषांमधली पेटी उघडली की पांढऱ्या धुरातून खेळाडू केलिडमधल्या सेलियाच्या स्फटिक खाणीत जाऊन पडतो, आणि बोगद्यातून पायी बाहेर पडेपर्यंत नकाशावरून उडी मारून परत येता येत नाही. मिस्टवुडच्या जंगलातली लिफ्ट संपता संपत नाही आणि खाली उतरल्यावर जमिनीच्या पोटात ताऱ्यांनी भरलेलं आकाश दिसतं. असं काही सापडण्याची सवय लागली की प्रत्येक डोंगराच्या मागे बघावंसं वाटतं. पहिले तीस-चाळीस तास हा गेम ज्या उंचीवर असतो, त्या उंचीवर फार थोडे गेम पोचतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

किंमत पुढे मोजावी लागते. खेळाडू कुठून कुठे भटकेल हे ठाऊक नसल्यामुळे तो किती ताकदीचा होऊन येईल, हेही बनवणाऱ्याला ठाऊक नसतं. लेंडेल या राजधानीत शिरायला मोठ्या बॉसकडून मिळणाऱ्या दोन ग्रेट रून लागतात, बस्स. तिथे एकजण लेव्हल ७० वर येतो, दुसरा ११० वर. तोवर हे चालून जातं, कारण अडलात तर दुसरीकडे जायला जागा आहे. लेंडेलचा बॉस मॉर्गट पडल्यावर मात्र चित्र पालटतं. रोल्डच्या लिफ्टने वर गेलं की राक्षसांचे बर्फाळ डोंगर, मग फायर जायंट, मग फारुम अझुला, मग राखेत बुडालेलं लेंडेल अशी जवळपास एकच ओळ उरते. बाजूला जे आहे, म्हणजे बर्फाचं पवित्र मैदान, हॅलिगट्री आणि मोगचा महाल, ते मुख्य वाटेपेक्षाही अवघड. खालचा सगळा नकाशा एव्हाना सोपा होऊन बसलेला. थोडक्यात, शत्रूंची ताकद एकदम उडी मारते नेमक्या त्या ठिकाणी, जिथे ‘आत्ता नको, नंतर बघू’ ही युक्ती संपलेली असते. शेवटच्या तिसऱ्या भागाबद्दलच्या बहुतेक तक्रारी इथून निघतात. त्यात ते बर्फाळ डोंगर रिकामे आहेत, आणि खाली भेटलेलेच शत्रू तिथे जास्त रक्त घेऊन उभे आहेत.

अर्थात सगळी तक्रार रास्त नाही. ‘एका फटक्यात मरतो’ म्हणणाऱ्याची स्टॅटची (ताकदीच्या आकड्यांची) पाटी बघितली तर व्हिगर, म्हणजे जीव वाढवणारा स्टॅट, २५ च्या आसपास असतं. व्हिगर २५ ला एचपी (जीव) ८०० असते, ४० ला १४५०, ६० ला १९००. साठनंतर ९९ पर्यंत चढवलं तरी फक्त २१०० होते, म्हणून ६० ला थांबायचं. लेंडेलच्या पुढे ४० हा किमान आकडा समजावा, आणि हॅलिगट्रीत उतरताना ६० असेल तर बरं. लोक इथे हात आखडता घेतात, कारण स्ट्रेंग्थ किंवा इंटेलिजन्समध्ये घातलेला पॉइंट लगेच फटक्यात दिसतो आणि व्हिगरचा दिसत नाही. प्रत्यक्षात शेवटच्या टप्प्यात नुकसान वाढतं ते मुख्यतः शस्त्र किती घडवलं आहे त्यावर. साधं शस्त्र +२५ पर्यंत जातं. घडवायला लागणाऱ्या प्रत्येक दर्जाच्या दगडाला तीन पायऱ्या, पहिलीला २, दुसरीला ४, तिसरीला ६ दगड, असे आठ दर्जे, आणि शेवटच्या पायरीला प्राचीन ड्रॅगनचा एक दगड. सोंबर दगडांवर चालणारी खास शस्त्रं +१० ला थांबतात आणि प्रत्येक पायरीला एकच दगड घेतात. खाणींमध्ये आणि इतरत्र मिळणाऱ्या बेल बेअरिंग नावाच्या वस्तू राउंडटेबल या तळावरच्या ट्विन मेडन हस्क्स या दुकानदारांना दिल्या की प्राचीन ड्रॅगनचे सोडून बाकी दगड हवे तितके विकत मिळतात. शस्त्र +१६ वर ठेवून फायर जायंटला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

आणखी एक चूक फार लोक शेवटपर्यंत अंगावर वागवतात: राडागॉनचं सोअरसील. सुरुवातीला चार स्टॅटना पाच-पाच पॉइंट देणारं हे ताईत म्हणजे लॉटरीच वाटते, पण त्याबरोबर १५ टक्के जास्त मार बसतो. लेव्हल ४० ला हा सौदा फायद्याचा, १२० ला तोट्याचा. शिवाय वजन. एकूण क्षमतेच्या ७० टक्क्यांवर गेलं की रोल, म्हणजे वार चुकवायची कोलांटी, जड होतो आणि मॅलिकेथसारख्या बॉससमोर तो रोल कामाचा नाही. फ्लास्क, म्हणजे औषधाचे घोट, १४ पर्यंत नेले आहेत का, तेही बघावं. त्यासाठी ३० सोनेरी बिया लागतात आणि १२ पवित्र अश्रूंनी प्रत्येक घोट +१२ चा होतो. हे सगळं नीट असूनही शेवट खटकत असेल, तर मग तक्रारीत तथ्य आहे.

तथ्य आहे ते लयीत. मार्गिटपासूनच बॉस काठी उगारून थबकतात, कारण घाबरून लवकर रोल करणाऱ्याला पकडायचं असतं. फ्लास्क तोंडाला लावला की लगेच अंगावर येतात. हे शिकता येतं. पण पुढेपुढे एका दमात पाच-सहा वार, मध्ये फसवा विराम, मग पुन्हा दोन वार, आणि त्यानंतर जेमतेम एका फटक्यापुरती जागा, हा साचा इतक्यांदा येतो की मोठी तलवार घेणाऱ्याला हातातल्या वस्तूचा उपयोग करायला वेळच उरत नाही. त्याच्यासाठी एकच व्यवहार्य रस्ता राहतो, उडी मारून जड वार करायचा आणि समोरच्याचा तोल मोडायचा. तोल मोडण्याचा हिशेब दडलेला असतो आणि काही सेकंद वार झाला नाही की तो पुन्हा भरून येतो, त्यामुळे सावध खेळणाऱ्याला तो कधीच गवसत नाही. धीर धरणाऱ्याला शिक्षा आणि घुसणाऱ्याला बक्षीस, असा हा उलटा न्याय आहे.

मॅलेनिया हे या सगळ्याचं टोक. ती मुख्य वाटेवर नाही, हॅलिगट्रीच्या मुळाशी बसलेली आहे आणि तिला न भेटताही गेम पूर्ण होतो. तिचा प्रत्येक लागलेला वार तिचीच एचपी भरतो, आणि तो ढालीवर झेलला तरी भरतो. म्हणजे ढाल घेऊन खेळणाऱ्याची आख्खी पद्धत एका नियमाने मोडीत निघते. स्पिरिट अ‍ॅश (लढाईत मदतीला येणारा आत्मा) बोलावली तरी तीच अडचण, वार चुकवता न येणारी अ‍ॅश तिला फुकट रक्त पाजत राहते. तिचा तो कुप्रसिद्ध वॉटरफाउल डान्स ओळखायला सोपा आहे: ती वर उसळते, हवेत क्षणभर थांबते. तेव्हा जवळ असाल तर रोल न करता सरळ उलट दिशेने पळायचं, पहिले दोन झंझावात अंतराने चुकवायचे आणि पुढच्या वेळी तिच्याच दिशेने रोल करून मागे निघायचं. हवेत असताना फ्रीझिंग पॉट फेकून फ्रॉस्टबाइट लावता आला तर वार तिथल्या तिथे तुटतो, पण एकदा लागल्यावर तिची प्रतिकारशक्ती वाढते, तेव्हा हा हुकमी एक्का प्रत्येक वेळी चालेल असं धरू नये. स्कार्लेट रॉट (सडवणारं विष) तिला जवळजवळ लागतच नाही. रक्तस्राव लागतो, बर्फ लागतो, आणि दिसते त्यापेक्षा तिचा तोल कच्चा आहे, जड शस्त्राच्या फटक्याने ती सहज अडखळते. हे सगळं कळल्यावर लढाई सुंदर वाटू लागते, हे कबूल. पण वॉटरफाउल अंगाशी असताना सुरू झाला तर बहुतेक बिल्डकडे (स्टॅट आणि शस्त्रांच्या जुळणीकडे) त्यावर सरळ उत्तर नाही, हेही तितकंच खरं.

आता खरी गोम, म्हणजे स्पिरिट अ‍ॅश. नोक्रॉनमध्ये दगडी चावीने उघडणाऱ्या धुक्याच्या दारामागे मिमिक टियर मिळते. ती खेळाडूच्या एचपीतला मोठा वाटा घेऊन त्याचीच प्रतिकृती उभी करते. रोडेरिकाकडून ती +१० केली की बॉसची पाठ सतत उघडी राहते. बॉस एका वेळी एकाकडेच बघतो, दोघांना तोंड द्यायचं त्याला नीट जमत नाही. ऑनलाइन माणूस बोलावला तर बॉसची एचपी वाढते, अ‍ॅशने वाढत नाही. त्यामुळे निवड अशी उरते: अ‍ॅश घ्या आणि लढाई अर्ध्या मिनिटात पातळ होऊ द्या, किंवा घेऊ नका आणि दोघांसाठी मापलेल्या बॉसशी एकट्याने झुंजा. पहिल्यात विजय आपला वाटत नाही, दुसऱ्यात न्याय झाला असं वाटत नाही. गेम संपल्यावर उरणाऱ्या चुटपुटीचा सर्वांत मोठा हिस्सा हाच आहे, आणि तो कौशल्याच्या कमी-जास्तपणाचा नाही. बनवणाऱ्यांनी सोपं आणि अवघड असे दोन पर्याय द्यायचं टाळलं, मग तो पर्याय गेमच्या आतच घंटी वाजवण्याच्या रूपात ठेवला, आणि मधली पायरी बांधायची राहून गेली. ‘अ‍ॅश वापरली म्हणजे जिंकलास कुठे’ म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावं, हे खरं. पण त्यांनी तोंड उघडलं नाही तरी प्रश्न मनात येतोच.

हे वेगळ्या प्रकारे जमू शकतं याचा पुरावा गेममध्येच आहे. केलिडच्या टोकाला राडानची लढाई अख्ख्या मैदानावर होते, टॉरेंट या घोड्यावर बसून, आणि मैदानभर विखुरलेल्या सोनेरी खुणांमधून साथीदार पुन्हापुन्हा बोलावता येतात. तिथे मदत घेणं हाच त्या लढाईचा आराखडा आहे, त्यामुळे कमीपणा वाटत नाही. याच्या नेमकं उलट टोक म्हणजे फारुम अझुलातली गॉडस्किन जोडी. दोघांची एचपी एकत्र, एक पडला तरी ती संपेपर्यंत पुन्हा उठतो. खांबांच्या आड राहायचं आणि स्लीप पॉटने एकाला झोपवायचं, दोघांनाही झोप पटकन लागते. ही युक्ती कळली की लढाई दोन मिनिटांची आहे, न कळली तर नुसता छळ.

शेवटच्या बॉसबद्दल मात्र माझं मत कडक आहे. राडागॉनची लढाई नेटकी, वजनदार, तंतोतंत. तो पडताच, फ्लास्क भरायला उसंत न देता एल्डन बीस्ट समोर येतो, आणि तो लढण्यापेक्षा पळण्यात जास्त वेळ घालवतो. वार करायला पोचावं तर तो पाण्यावरून तरंगत दुसऱ्या टोकाला. दोघांवरही होली (पवित्र शक्तीचं) नुकसान जेमतेम चालतं, म्हणजे फेथ या स्टॅटवर बिल्ड उभारून सोनेरी तलवार मिरवत आलेल्या माणसाला कथेच्या अगदी शिखरावर शस्त्र बदलावं लागतं. वरून होणारा मारही होलीच, त्यामुळे हॅलिगड्रेक ताईत आणि होली मार कमी करणारं चिलखत अंगावर असावं. फिझिक फ्लास्कातलं खास मिश्रण राडागॉनवर उडवू नये, बीस्टसाठी राखावं. छोटे सोनेरी तारे पाठीमागे लागले की रोल करत बसण्यापेक्षा आडवं पळत राहावं, प्रकाशाचं कडं आवळत आलं की उडी मारावी. जून २०२४ च्या पॅचनंतर (कंपनीने केलेल्या दुरुस्तीनंतर) या लढाईत टॉरेंटला बोलावता येतं. दोन वर्षांनी का होईना, तक्रार ऐकली गेली. ज्यांनी २०२२ मध्ये गेम पूर्ण केला त्यांच्या आठवणीत मात्र ती धावाधावच राहिली.

पुनरावृत्तीवर फार लिहीत नाही. दीडशेहून जास्त बॉस म्हटले की साचे पुन्हा वापरले जाणारच. छोट्या एर्डट्री या सोनेरी झाडांखालचे अवतार पुन्हापुन्हा भेटले तरी निदान फिझिकसाठी अश्रू देऊन जातात. पण रॉटच्या तळ्यापलीकडे अंधारातून उतरणारा अ‍ॅस्टेल पुढे बर्फातल्या एका खाणीत साधा बॉस म्हणून भेटतो, आणि गॉड्रिकसारखाच गॉडफ्रॉय आल्टसच्या एका एव्हरगेओलमध्ये (जादूच्या कैदेत) उभा असतो, तेव्हा आधीच्या भेटीचाही भाव उतरतो. जग छोटं असतं तर हे करावं लागलं नसतं. पुन्हा तीच गाठ.

मोकळीक आणि कथा यांची झटापट सर्वांत जास्त क्वेस्टमध्ये, म्हणजे पात्रांच्या उपकथांमध्ये, दिसते. मिलिसेंटचीच घ्या. केलिडच्या दलदलीत कमांडर ओ’नीलला मारून सोन्याची सुई मिळवायची. ती सेलियाबाहेरच्या झोपडीत गॉवरीला द्यायची, जागा पुन्हा लोड करून त्याच्याकडून दुरुस्त झालेली घ्यायची. ती प्लेगच्या चर्चमध्ये मिलिसेंटला द्यायची, मग विश्रांती घेऊन पुन्हा बोलायचं. ती गॉवरीच्या झोपडीत भेटते, तिथेही बोलायचं. पुढे शेडेड कॅसलमधून कृत्रिम हात आणून आल्टसमध्ये एर्डट्रीकडे बघणाऱ्या टेकडीवरच्या ग्रेसपाशी (विश्रांतीच्या जागेपाशी) तिला द्यायचा. मग पवनचक्क्यांच्या गावात गॉडस्किन अपोसल मारून भेटायचं, मग बर्फातल्या अवशेषांपाशी, मग हॅलिगट्रीत. तिथे एका ट्री स्पिरिटला मारल्यावर दोन खुणा उमटतात. सोनेरी खुणेने तिला साथ दिली तर शेवटी सुई परत मिळते, लालने तिला मारलं तर तिचं ताईत मिळतं आणि सुईचा रस्ता बंद होतो. मॅलेनिया पडल्यावर तिच्या फुलापाशी ती सुई वापरली की मिकेलाची सुई हाती येते, आणि ती फारुम अझुलात प्लॅसिडुसॅक्सच्या आखाड्यात वापरली तरच फ्रेन्झीड फ्लेम या वेड्या ज्वालेशी केलेला, बाकीचे शेवट बंद करणारा करार मोडतो.

या साखळीतलं एकही पाऊल गेम सांगत नाही. मार्च २०२२ च्या पॅचने भेटलेल्या एनपीसींची (गेममधल्या पात्रांची) नावं नकाशावर दिसू लागली, तेवढाच आधार. त्याच पॅचमध्ये नेफेली आणि केनेथ हाइटच्या अर्धवट सोडलेल्या कथाही पुढे सरकल्या. म्हणजे गेम बाजारात आला तेव्हा त्या खरोखरच अर्धवट होत्या. संदिग्धता हा या गेमचा स्वभाव आहे आणि मला ती आवडते. पण जग इतकं मोठं असेल आणि माणसं न सांगता जागा बदलत असतील, तर बहुतेक खेळाडूंना त्या कथा अवघड वाटत नाहीत, त्या त्यांना दिसतच नाहीत. मग शेवटी राउंडटेबलमध्ये परतल्यावर अर्धी माणसं गायब आणि का ते कळत नाही. रॅनीची क्वेस्ट सर्वांना लक्षात राहते ती उगाच नव्हे, तिला ठोस जागा आहेत: राडान पडला की उल्का पडते, खड्ड्यातून नोक्रॉन उघडतं, तिथून पुढचं सगळं पायाखाली सापडत जातं.

शेवट सहा आहेत. त्यांतले चार, म्हणजे साधा एल्डन लॉर्ड आणि फिया, गोल्डमास्क, डंग ईटर यांच्या रूनमुळे होणारे तीन, यांत एकच दृश्य रंग आणि निवेदन बदलून दाखवलं आहे. रॅनीचा आणि फ्रेन्झीड फ्लेमचा एवढे दोनच वेगळे. इतक्या तासांनंतर दीड-दोन मिनिटांत पडदा पडतो आणि ज्या माणसांमुळे इथवर आलो त्यांचा मागमूस नसतो. डंग ईटरसाठी पाच शापबीजं गोळा करून वाचलेल्या माणसाला हा मोबदला तोकडाच वाटणार.

तरीही पडदा पडल्यावर घाईत काही दाबू नये. गेम पुढच्या प्रवासाला, म्हणजे न्यू गेम प्लसला (तीच ताकद घेऊन नव्याने सुरुवात), जायचं का विचारतो, तिथे ‘नाही’ म्हणावं. राउंडटेबलच्या ग्रेसवरून ते नंतर कधीही सुरू करता येतं, केलेलं मागे घेता येत नाही. खरं तर त्याही आधी, राडागॉन-बीस्ट पडल्यावर आणि निवड करण्यापूर्वी, सेव्हची प्रत काढून ठेवावी. पीसीवर अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमधलं एल्डन रिंगचं फोल्डर गेम बंद करून कॉपी केलं की झालं, कन्सोलवर क्लाउडचा आधार. प्रत परत टाकून प्रत्येक शेवट बघता येतो, वेगळे शेवट उघडणाऱ्या दुरुस्तीच्या सगळ्या रून एकाच वेळी जवळ ठेवता येतात. फक्त फ्रेन्झीड फ्लेम घेतली असेल तर बाकीचे पर्याय दिसतच नाहीत.

‘नाही’ म्हटल्यावर त्याच जगात काय उरलं आहे ते बघावं. चालत्या समाध्यांमध्ये बॉसच्या रिमेम्ब्रन्सची (बक्षिसांसाठी देता येणाऱ्या आठवणीची) प्रत काढता येते, म्हणजे एकाच आठवणीतून दोन्ही बक्षिसं. काही समाध्या फक्त डेमिगॉड (अर्धदेव) नसलेल्यांचीच प्रत काढतात, तेव्हा डेमिगॉडच्या आठवणी आधी उरकाव्यात. लार्व्हल टियर शिल्लक असतील तर रेनालाकडे जाऊन स्टॅट पुन्हा वाटून वेगळी बिल्ड खेळावी. न्यू गेम प्लसपेक्षा यात जास्त मजा आहे. लेव्हल १५० आणि +२५ शस्त्र घेऊन पुन्हा लिमग्रेव्हमध्ये उतरलं की तिथला प्रत्येक बॉस दोन फटक्यांचा होतो, आणि शोधायचं सगळं आधीच ठाऊक असतं. ताकद सोबत येते, कुतूहल येत नाही. राखेत गेलेल्या लेंडेलमधल्या वस्तू, जसा ग्रॅन्सॅक्सचा विजेचा भाला, चुकल्या असतील तर मात्र न्यू गेम प्लसशिवाय इलाज नाही. रायकार्डला लवकर मारून ज्वालामुखी वाड्याची कामं अर्धी राहिली असतील, तर तीही तिथेच.

आणि शॅडो ऑफ द एर्डट्री हा डीएलसी (गेमला नंतर जोडलेला भाग) याच सेव्हवर, पुढच्या प्रवासाला निघण्याआधी खेळावा. राडान आणि मोग दोघांना मारलेलं असलं की मोगच्या महालातल्या कोशातून लोंबणाऱ्या हाताला स्पर्श करून आत जाता येतं. जून २०२४ मध्ये आलेल्या या भागात वर सांगितलेल्या गाठीवर सरळ इलाज करायचा प्रयत्न दिसतो. तिथे ताकदीचं वेगळं माप आहे: ५० स्कॅडूट्री तुकडे, त्यांतून २० पायऱ्या, आणि ते फक्त हिंडून मिळतात. बाहेरून लेव्हल २०० घेऊन आलेलाही आत नवखाच ठरतो. सुरुवातीला आरडाओरडा झाला, मग काही दिवसांतच पॅच आला आणि पहिल्या निम्म्या पायऱ्यांचा परिणाम वाढवला गेला. अंतिम बॉस, मिकेलाबरोबरचा राडान, सप्टेंबर २०२४ मध्ये सौम्य करावा लागला. म्हणजे इलाज अर्धाच लागू पडला. त्याच्यापाशी पोचल्यावर पायरी १७-१८ च्या खाली असेल तर परत फिरून मिकेलाच्या क्रॉसजवळच्या ग्रेस आणि चर्च तपासावीत. बहुतेक तुकडे तिथेच राहून गेलेले असतात.